गौरीचे डोळे कोण आखतं?

दोन वर्षांपूर्वी गणपतीला आठ-दहा दिवस असताना मी माळ्यावरची ट्रंक खाली घेतली, मलमलीची गुंडाळी सोडली आणि कनिष्ठेच्या नाकाचा शेंडा माझ्या तळहातावर पडला. मुखवटे शाडूचे, सासूबाईंच्या सासूबाईंनी घेतलेले. ज्येष्ठेच्या कानामागे केसाएवढी चीर आहे. ती मी या घरात आले तेव्हापासून बघते आहे, आणि तिला जपायचं हे मला पहिल्याच वर्षी बजावून सांगितलेलं होतं. कनिष्ठा मात्र तोवर धडधाकट होती. तिचं नाक गेलेलं बघून मला रडू आलं.

मुखवटा टॉवेलात गुंडाळून मी गावात गेले. तुळशीबागेच्या आसपासच्या एका दुकानात दाखवला. दुकानदार अदबीने बोलले. "ताई, हा रंगवून घेण्यापेक्षा नवी जोडी न्या. फायबरची आहे, पडली तरी काही होत नाही. जुने मुखवटे विसर्जन करून टाका." दुसऱ्या दुकानात तेच उत्तर, तिसऱ्यातही तेच. रंगवून कोण देतं हे तिघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. गौरीला साडी नेसवून देणाऱ्या, सजावट करून देणाऱ्या, फराळाची ऑर्डर घेणाऱ्या बायका पुण्यात पेठोपेठी मिळतात. मुखवट्याचं नाक बसवून देणारा माणूस शोधायला मला दोन दिवस लागले.

तो कसब्यात, कुंभारवाड्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात सापडला. साठीच्या आसपासचे काका. त्यांनी मुखवटा उजेडाकडे धरून उलटसुलट बघितला, आतल्या पोकळीत बोट फिरवलं आणि म्हणाले, "हाताने दाबलेली माती आहे." आत, नाकाच्या मागच्या बाजूला, कुणाच्या तरी अंगठ्याचे ठसे आहेत. इतकी वर्षं मुखवटा हाताळूनही ते माझ्या नजरेला पडले नव्हते. काकांनी आधी जुनी माती ब्रशने पाणी लावून भिजवली. कोरडी माती ओल्या मातीतलं पाणी पिऊन टाकते आणि मग नवं नाक सुटून येतं, म्हणून. मग शाडूचा वाटाण्याएवढा गोळा बसवला, कोरणीने शेंडा काढला आणि दोन दिवस सावलीत ठेवला. उन्हात ठेवला असता तर तडकला असता. पुढे पॉलिश पेपर, पांढऱ्या रंगाचा एक हात, मग गव्हाळ रंग. डोळ्यांच्या आखणीच्या वेळी मला त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं आणि विचारलं, "घरात उभ्या कुठे करता? टेबलावर, चौरंगावर, की खाली?"

मी म्हटलं, "चौरंगावर. आम्ही समोर खाली बसतो."

"मग नजर जरा खाली ठेवतो. नाहीतर तुमच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत राहील."

श्वास रोखून त्यांनी वरच्या पापणीची रेघ एका ओढीत मारली. बुबुळ किंचित खाली उतरवलं. त्या क्षणी मातीच्या तुकड्याचं माणूस झालं, असं मला वाटलं. माणूस म्हणजे घरातलं, ओळखीचं, आपल्याकडे बघणारं. आमची गौर चौरंगावरून आमच्याकडे बघते, हे आजवर मी गृहीत धरलं होतं. कोणीतरी, कधीतरी, आमच्या आजेसासूबाईंना हाच प्रश्न विचारला असणार.

या एका प्रश्नासाठी मी हे लिहिते आहे. घर कसं आहे, माणसं कुठे बसतात, हे साचा विचारत नाही. तो विचारणारा माणूस आपल्या शहरातून नाहीसा होत चालला आहे, आणि त्याला नाहीसा करण्यात आपल्या खरेदीचा हात आहे.

मूर्तींबद्दल पुण्यात बोलणं होतं ते बहुतेक वेळा पाण्यात काय जातं एवढ्याच प्रश्नाभोवती. शाडू की प्लास्टर, नदी की हौद. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये विसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवायला वाट मोकळी केली, पण परवानगीशिवाय त्या नैसर्गिक पाण्यात सोडायच्या नाहीत, असं बंधन ठेवून. आपल्याच शहरातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने घरी बादलीत मूर्ती विरघळवायची पद्धत दिली. अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात प्लास्टर ठेवलं की कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ खाली बसतो आणि अमोनियम सल्फेटचं पाणी उरतं, जे झाडांना खत म्हणून घालता येतं. महापालिका ती पावडर वाटते. मुठेची आजची अवस्था बघणाऱ्या कुणालाही हे सगळं हवंच आहे, आणि मी त्याच्या बाजूने आहे.

पण गौरीचा मुखवटा पाण्यात जातच नाही. अनुराधा नक्षत्रावर ती येते, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवते, मूळ नक्षत्रावर निघते. निघते म्हणजे अक्षता टाकून आपण मुखवटा जागेवरून जरासा हलवतो. कोकणातून आलेल्या पुष्कळ घरांत नदीवरून किंवा विहिरीवरून आणलेले पाच-सात खडे असतात, काही घरांत तेरड्याची रोपं असतात. ती माघारी जातात. देशावरच्या घरांतल्या उभ्याच्या गौरी मात्र ट्रंकेत जातात आणि पुढच्या भाद्रपदात परत येतात. म्हणजे काय विरघळतं ही कसोटी इथे लावून उपयोग नाही. ही राहणारी वस्तू आहे. तिच्याबाबत विचारायचं ते असं: ती किती वर्षं राहील, बिघडली तर कोण नीट करेल, आणि ती कुणी केली?

गौरीची घडण मुळात वाटून घेतलेली आहे. चेहरा कारागिराने करायचा, शरीर घरातल्या बायकांनी. पत्र्याची किंवा पितळेची कोठी, नाही तर धान्याने भरलेले एकावर एक डबे, आता बहुतेक ठिकाणी लोखंडी स्टँड. काही घरांत कोठीत गहू-तांदूळ किंवा लाडू-करंज्या ठेवतात, माहेरवाशिणीचं पोट भरलेलं असावं म्हणून. कापूस भरलेले कापडी हात. मग साडी. निऱ्या कशा पाडायच्या, पदर किती ठेवायचा, डोक्यावरून घ्यायचा की खांद्यावरून, यावर घराघरात दरवर्षी जो वाद होतो तो मला पूजेचाच भाग वाटतो. लहानपणी भातुकलीतली बाहुली सजवलेला हात चाळिशीत गौरीला साडी नेसवतो. बाहुली हा शब्द देवीसाठी वापरला म्हणून कुणी रागावू नये. आपण तिला जेवू घालतो, तिच्याशी बोलतो, तिचे केस सारखे करतो. इतक्या जवळिकीला मला दुसरा शब्द सापडत नाही.

आता बाजारात अख्खी गौर मिळते. डोक्यापासून पायापर्यंत तयार, शिवलेली साडी, चिकटवलेले दागिने, चिकटवलेल्या पापण्या. चेहरा रबरी साच्यातून निघालेला. प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होतं, त्यामुळे एका साच्यातून दिवसभरात कितीतरी चेहरे उतरतात. शाडू साच्यात हाताने दाबावी लागते आणि ऐन पावसाळ्याच्या दमट हवेत ती दिवसेंदिवस सुकत नाही. या शर्यतीत शाडू हरणार हे उघड आहे. त्वचेचा रंग स्प्रेने बसतो. डोळे तेवढे बरीच वर्षं, प्लास्टरच्या मुखवट्यावरसुद्धा, माणूस आखत होता. आता काचेचे डोळे आले. शेवटचं हातकाम होतं तेही गेलं. दुकानात रांगेने मांडलेल्या पन्नास गौरी एकाच नजरेने समोरच्या भिंतीकडे बघत असतात.

हीच गोष्ट हरतालिकेची. मंडईत पूर्वी पार्वती आणि सखीची मातीची जोडी मिळायची. बोटभर उंचीची, दोन टिंबांचे डोळे आणि एका रेघेचं तोंड, पण प्रत्येक जोडी जराशी वेगळी. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे, गवळण, तोफेजवळचा शिपाई यांचंही तेच. मातीचे होते तोवर पोरं वर्षभर खोक्यात जपून ठेवायची आणि मोडका हात फेविकॉलने चिकटवायची.

आमच्या सोसायटीत एक तमिळ कुटुंब आहे. नवरात्रात मामी हळदीकुंकवाला बोलावतात आणि त्यांच्याकडे कोलू, म्हणजे बाहुल्यांची आरास, मांडलेला असतो. विषम संख्येच्या पायऱ्या, पांढरं कापड, वर कलश, पायरी-पायरीवर देव, संत, लग्नाची वरात, वाण्याचं दुकान. सगळ्यात वर मरप्पाची, म्हणजे लाकडी बाहुला-बाहुलीची जोडी, मुलीच्या लग्नात आईवडिलांनी दिलेली. मामींच्या कोलूत पणरुट्टीच्या आणि कांचीपुरमच्या मातीच्या बाहुल्या आहेत, आंध्रातल्या कोंडापल्लीच्या पोनिकी लाकडाच्याही आहेत. दसऱ्याच्या रात्री त्या एक बाहुली आडवी करून झोपवतात, मग दुसऱ्या दिवशी सगळ्या कागदात आणि जुन्या कापडात गुंडाळून पेटीत. त्यांच्याकडे एक रीत आहे: दरवर्षी एक तरी नवी बाहुली आणायची, आणि जुनी टाकायची नाही. मामी एकेक बाहुली दाखवत सांगतात, ही थोरल्याच्या जन्माच्या वर्षीची, ही आम्ही पुण्याला बदलून आलो त्या वर्षीची.

साचा आणि प्लास्टर तिकडेही पोचलं आहे, हे मला माहीत आहे. पण रीत काय सांगते ते बघा. कारागिराला दरवर्षी थोडं काम मिळतं, आणि घरात जुनं साठत जातं. आपल्या गौरीच्या रिवाजात जुनं साठवणं आहे, कारागिराचं दरवर्षीचं काम नाही. एकदा जोडी घेतली की दोन-तीन पिढ्या बघायला नको. पूर्वी ही उणीव रंगकामाने भरून निघत असे. आजेसासूबाईंच्या काळी दर चार-पाच वर्षांनी मुखवटे रंगवायला जात, असं सासूबाई सांगतात. ते थांबलं, म्हणून रंगवणारा थांबला, आणि रंगवणारा थांबला म्हणून दुकानदार म्हणतात, नवीनच घ्या. यात वाईट कुणीच नाही. तरी शेवट असा होतो की पिढ्यान्‌पिढ्या टिकवायची वस्तू आपण दर पाच वर्षांनी बदलायला लागतो, आणि जुन्या जोडीचं काय करायचं हे न कळून तिला पिंपळाखाली ठेवून येतो. पेठांतल्या पिंपळाच्या पारांवर जाऊन बघा.

माझ्या नणंदेचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी हलक्यात घेत नाही. ती म्हणते, "वहिनी, आई सत्तरीच्या आहेत. तीन दिवस, सोळा भाज्या, पुरण, येणारे-जाणारे, आणि वर तासभर उभं राहून निऱ्या? तयार गौर आणली तर त्या सण तरी करू शकतील." बरोबर आहे. एकटी बाई, गुडघे दुखताहेत, मदतीला कुणी नाही, तिने तयार गौर आणावी आणि समाधानाने पूजा करावी. देवी तिच्यावर रागावणार नाही. माझं म्हणणं तिला उद्देशून नाही. ते माझ्यासारखीला आहे, जिच्या घरात चार हात आहेत, जी सजावटीच्या फुलांवर, लाइटिंगवर आणि फोटोसाठी मागे लावायच्या पडद्यावर सहज हजारो रुपये घालवते आणि मुखवट्याच्या रंगकामाला पाचशे रुपये सांगितले की "एवढे?" म्हणते. काकांनी माझ्याकडून पाचशेच घेतले. चार दिवसांत मिळून सात-आठ तासांचं काम होतं ते. फायबरची जोडी मला साडेतीन हजारांना सांगितली होती.

महाग आहे म्हणून हातकाम मेलं, हे कारण माझ्या बाबतीत तरी खोटं निघालं.

दुसरं एक मत असं की शाडूसुद्धा काही इथली नाही. ती मुख्यतः गुजरातमधून, भावनगरकडून येते आणि तिचे साठेही संपणारे आहेत. हे खरं आहे. खाणीतून निघालेली माती दरवर्षी नदीत किंवा हौदात टाकायची यापेक्षा एकदा घडवलेला मुखवटा पन्नास वर्षं वापरायचा, हे त्या मातीला धरूनच आहे. हा मुद्दा मुखवटे दुरुस्त करण्याच्या बाजूचा आहे.

आणि पुण्याला हे नवीन नाही. भाऊसाहेब रंगारी गणपतीची लाकूड आणि भुशाची मूर्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजतागायत तीच आहे. मंडईचा शारदा-गजानन दरवर्षी तोच असतो. मोठी मंडळं मुख्य मूर्ती ठेवतात, तिची निगा राखतात, रंगकाम करून घेतात आणि विसर्जन छोट्या उत्सवमूर्तीचं करतात. त्या मूर्तींसमोर लाखो माणसं हात जोडतात आणि मूर्ती जुनी आहे म्हणून कुणाची श्रद्धा उणी होत नाही. मंडळांना जे जमलं ते घरांना न जमण्याचं कारण नाही. मंडळाला रंगकाम करणारा कलाकार माहीत असतो, आपल्याला तो माहीत नसतो, एवढाच फरक आहे.

म्हणून माझी पहिली मागणी दुकानदारांकडे आहे. मुखवटा कशाचा आहे आणि कुणाच्या कारखान्यात झाला, हे चिठ्ठीवर लिहा. मातीच्या मूर्तींना जीएसटी नाही, इतर काही मूर्तींना आहे, म्हणजे कशाची मूर्ती आहे हे विकणाऱ्याला बिलापुरतं तरी माहीत असायलाच हवं. तेच गिऱ्हाइकाला सांगायचं. कारखान्याचं नाव कळलं की पाच वर्षांनी बाई पुन्हा तिथे जाऊ शकते. साडीवर विणकराच्या गावाचं नाव आपण अभिमानाने सांगतो, पैठणी येवल्याची की पैठणची हे खोदून विचारतो. देवीच्या चेहऱ्याबद्दल मात्र "चांगला आहे ना?" एवढंच विचारतो.

दुसरी महापालिकेकडे. गणपतीच्या आधी मूर्तिविक्रीचे मांडव पडतात, त्यांच्यासाठी जागा दिली जाते. त्या मांडवांत थोडी जागा दुरुस्ती आणि रंगकामासाठी राखून ठेवा, आणि ती भाद्रपदात देऊ नका, आषाढात द्या. भाद्रपदात कारागिराला श्वास घ्यायला फुरसत नसते. आषाढात त्याच्या हाताला त्या मानाने वेळ असतो आणि आपल्या ट्रंकेतल्या मुखवट्यांना गरज असते. शाळांमधून शाडूच्या गणपतीची कार्यशाळा घेतात, ती छान असते, माझ्या मुलीने दोनदा केली. तिथे एक तास आखणीचा ठेवा आणि तो कारागिराने शिकवावा, पुरेसं मानधन घेऊन.

केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत कुंभार आहेत, मूर्तिकार आहेत, पारंपरिक बाहुल्या आणि खेळणी करणारेही आहेत. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत कर्ज. योजना चांगली आहे आणि काकांसारख्यांनी तिथे नाव नोंदवावं असंच मी म्हणेन. मात्र पाच टक्क्यांचं कर्जही फेडावं लागतं, आणि ते फेडायला वर्षभर काम लागतं. अवजारं सरकार देईल. काम आपण दिलं तरच मिळणार. काकांचा मुलगा डिलिव्हरीचं काम करतो आणि फक्त गणपतीपुरता रंगकामाला बसतो. त्याचा हात चांगला आहे, असं काका म्हणाले. वर्षाकाठी वीस-पंचवीस घरांनी आषाढात एकेक मुखवटा आणून दिला तरी तो दोन महिने बसेल, हेही तेच म्हणाले.

मुखवटा परत घेताना मी त्यांना आतल्या बाजूला नाव लिहायला सांगितलं. त्यांनी मान हलवली. "देवीच्या मुखवट्यावर माझं नाव कशाला?" मी वाद घातला नाही. त्यांची भावना मला कळते, जरी माझं मत वेगळं आहे. आजेसासूबाईंच्या काळच्या त्या कारागिरानेही नाव लिहिलं नव्हतं, आणि त्याच्या अंगठ्याच्या ठशांखेरीज त्याच्याबद्दल आम्हाला काहीही ठाऊक नाही. शेवटी काकांनी कोपऱ्यात पेन्सिलीने फक्त साल टाकलं. त्यांचं नाव आणि फोन नंबर मी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवला आहे, माझ्या मुलीला सापडेल असा.

त्या वर्षी गौरी चौरंगावर उभ्या राहिल्या. आरती झाल्यावर सासूबाई नेहमीच्या जागी, जमिनीवर, भिंतीला टेकून बसल्या आणि बराच वेळ कनिष्ठेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघते गं माझ्याकडे."

आता ज्येष्ठेच्या कानामागची चीर भरून घ्यायची आहे. काकांनी आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यात यायला सांगितलं आहे. समोरच्या वहिनींचे मुखवटेही सोबत नेणार आहे. त्यांच्याकडे गौरी टेबलावर असतात, तेव्हा त्यांनी स्वतः येऊन सांगितलेलं बरं.